दसारामभाऊंचं साल

दसारामभाऊ लांजेवार आठवले की आधी त्यांचा चेहरा येत नाही, तुसाची धूळ येते. साकोलीच्या पुढे हमरस्त्याला लागून त्यांची राइस मिल होती. ऊन जरा वर आलं की पत्र्याच्या फटींतून त्याच्या तिरप्या पट्ट्या आत उतरायच्या आणि त्या पट्ट्यांत तुसाची बारीक सोनेरी धूळ तरंगत राहायची. ती कधी खाली बसलेली मी पाहिली नाही. त्या धुळीच्या पलीकडे एक उंच, खांद्यातून वाकलेला माणूस डोळे मिटून उभा असायचा. एक चप्पल पायात, एक हातात. हे मिलचे मालक.

एका पायात चप्पल का, हे विचारायला मला पुष्कळ दिवस लागले. मी विचारणाऱ्यातला नव्हतो. एकदा धीर करून विचारलं तर भाऊ म्हणाले, चपलेनं जमीन मुकी होते. उघड्या पायाला हालरचा थरथराट समजतो. हालर म्हणजे धान सोलून तांदूळ काढणारं यंत्र. धान ओलसर असलं की त्याचा थरथराट जड होतो, फार वाळलं की चिरका होतो, आणि मग तांदळाची कणी पडते. मग दोन्ही पाय उघडे का नाही, असं मी विचारलं नाही. त्याचं उत्तर त्यांनी आपणहून दिलं. म्हणाले, "दुसरा पाय माह्या बायकोचा आहे. तिनं शपथ घातली, काटा भरंल म्हणून."

मी तिकडचा नव्हे. आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. बहात्तरच्या दुष्काळाआधीच माझी शाळा सातवीत सुटली होती. दुष्काळानंतर एका इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीच्या मागे मी देश फिरत निघालो. भाऊंच्या मिलमध्ये नवं ऑइल इंजिन बसवायला आम्ही आलो. काम झालं, मिस्त्री पुढे गोंदियाला गेला आणि मी राहिलो. राहिलो म्हणजे भाऊंनी विचारलं, "तुले इंजिनाची भाषा येते का?" मी हो म्हणालो. "मंग कायले जातोस?" एवढंच बोलणं झालं. माझी मिसरूड केव्हाच फुटली होती, पण त्या क्षणी मला लहानपणी घरी रडायचो तसं रडू आलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असतं, वाकून बघावं लागतं. इथं ते रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळं पडलेलं. मोठा तलाव, त्याच्या खाली बोड्या म्हणजे छोटी तळी, त्यांच्या खाली धानाच्या बांध्या म्हणजे शेतं, आणि सगळ्यांत आभाळ. पहिले काही महिने मला सारखं वाटायचं की हे कुणीतरी काढून घेईल. पाणीही आणि नोकरीही. भाऊ एखाद्या दिवशी कमी बोलले की मी रात्री माझी पिशवी आवरून ठेवायचो. ते मुळात कमीच बोलायचे, त्यामुळे पिशवी बहुतेक आवरलेलीच असायची.

मिलच्या मागे तलाव होता. सकाळी त्याच्यावर धुकं पडून असायचं. ते उठून पलीकडची पाळ दिसू लागली की भाऊ मला मान हलवून खूण करायचे आणि मी इंजिन सुरू करायचो. संध्याकाळी फाटकाजवळच्या मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर ऊन गेलं की इंजिनाचा पट्टा उतरवायचा. थंडीत काम उशिरा सुरू व्हायचं, उन्हाळ्यात लवकर. भाऊंच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं. त्याला रोज किल्लीही दिली जायची. पण ते घरचं होतं, मिलचं नव्हतं.

एकदा फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. तरुण होता, नाकाला रुमाल लावून हिंडला. इंजिनावर चालणारी मिल, इतकी माणसं, म्हणजे कारखाना झाला, असं त्यानं सांगितलं. कारखाना म्हटलं की कामाच्या वेळांचा फलक फाटकावर पाहिजे, आठवड्याची सुटी लिहिलेली पाहिजे. भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं. ट्रकच्या पाठीवर अक्षरं काढणाऱ्या पेंटरला साकोलीहून बोलावलं आणि फलक रंगवून घेतला. पुढच्या खेपेला इन्स्पेक्टर फाटकातच थांबला. फलकावर लिहिलं होतं: काम सुरू, धुकं उठल्यावर. काम बंद, मोहाच्या शेंड्यावर ऊन गेल्यावर. सुटी, साकोलीच्या बाजारी.

हे काय आहे, असं त्यानं विचारलं. भाऊ म्हणाले की जसं होतं तसं लिहा असं साहेबच म्हणाले होते. वेळ आकड्यांत लिहायची असते, असं तो म्हणाला. भाऊंनी फलकाकडे पाहिलं.

"धुकं आकड्यात कसं येईल जी?"

इन्स्पेक्टर हसला नाही. चहा प्याला आणि मागच्या दाराशी जाऊन तलावाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग जाताना म्हणाला की बाजाराचा वार तेवढा चालेल, वर आठ ते पाच घालून टाका, मध्ये जेवणाची सुटी दाखवा आणि खरंच द्या. भाऊंनी फलक पुसून घेतला, नवा केला आणि त्यानंतर तो तंतोतंत पाळला. लोक म्हणाले, कोण बघायला येतं. भाऊंचं म्हणणं असं की कायदा हा घरी आलेला पाहुणा आहे. त्याच्या पानात काय वाढायचं ते आपण ठरवायचं, पण तो जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. घरचं घड्याळ मिलमध्ये आलं. पण ते वाचायची भाऊंना गोडी नव्हती. रोज सकाळी ते मला विचारायचे, "का गा, आठ झाले का?" आणि ते असं विचारायचे की जणू आठ नावाचं कुणी नातेवाईक आजारी आहे.

माणसं दहा-पंधरा असायची. हमाल, वाळवणाच्या पटांगणात धान उलथणाऱ्या बाया, भट्टीवरचे दोघे, इंजिनावर मी, आणि हालरवर सुखदेव रामटेके. बायांची पुढारी यमुनाबाई. तिला भाऊसुद्धा जरा भिऊन असायचे.

आता भाऊंचं साल काय होतं ते सांगतो.

भाऊंचं घर पिढ्यान्‌पिढ्या धानाचं. त्यांच्या वडिलांकडे शेतावर सालदार असायचे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेला गडी. अक्षय तृतीयेला साल संपायचं. त्या दिवशी मालक गड्याला पान-सुपारी पुढे करायचा. त्यानं उचलली की पुढचं साल बांधलं गेलं. नाही उचलली तर तो मोकळा, जिथं मन लागेल तिथं जावं, कुणी अडवायचं नाही. भाऊंनी मिल घातली तेव्हा माणसं ठेवायची ही एकच रीत त्यांना माहीत होती. तीच त्यांनी मिलमध्ये आणली आणि तिला स्वतःचं थोडं जोडलं.

त्या दिवशी इंजिन बंद असायचं. वाळवणाचं पटांगण झाडून, शिंपून घ्यायचे. कामकरी पोत्यांवर बसायचे आणि मालक खाली, उघड्या जमिनीवर. आधी ज्याला जे बोलायचं ते बोलायचं, आणि मालकानं उत्तर द्यायचं नाही. यमुनाबाई दरवर्षी बोलायची. एका वर्षी म्हणाली की मालक वाळत्या धानावरून चालतात, उघड्या पायाचं ठीक, पण दुसऱ्या पायाच्या चपलेनं धान विस्कटतात, मग बाया दोनदा उलथतात. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. बोलणं संपलं की ते एकेकासमोर जाऊन बसायचे, पान-सुपारी पुढे धरायचे आणि म्हणायचे, साल झालं, तू मोकळा आहेस, मन लागते का? तो उचलायचा. मग जेवण. चिन्नोर तांदळाचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि ट्रकवाले ट्रक हळू करायचे.

मला तो दिवस फार आवडायचा. आधीचा आठवडा मी काळजीत काढायचो, यंदा सुपारी माझ्यापुढे आलीच नाही तर म्हणून. ती आली, मी उचलली, की पुढे वर्षभर कुणी मला इथून हलवू शकत नाही असं वाटायचं. जेवून मी तलावाच्या पाळीवर जाऊन पडायचो. डोक्याखाली हात. वरून बगळे जायचे आणि पाण्यातूनही जायचे. आपण कुठल्या बाजूला आहोत हे जरा वेळ कळायचं नाही. आजही झोप लागत नसली की मी त्या पाळीवर जातो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची अक्षय तृतीया. भाऊ सुखदेवसमोर बसले. सुखदेव चाळिशीच्या आतबाहेरचा, दाढी रोज करणारा, कमी बोलणारा. त्याचा मेहुणा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होता. तिथं युनियन होती, त्यामुळे सुखदेवच्या घरी कामाच्या कायद्याच्या गोष्टी चालायच्या. भाऊंनी सुपारी पुढे धरली. सुखदेवनं हात मांडीवरच ठेवले.

"मी नाई घेत जी," तो म्हणाला. "काम नाई सोडून राहिलो. पन हे नाई घेत."

"काहून?"

"माह्या बापानं तुमच्या बापाच्या दारात हेच घेतलं. मरेस्तोवर. दर साली नवा नोकर. मले दर साली नवं नाई होनं."

भाऊंचा हात तसाच पुढे राहिला. पानावरचं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग त्यांनी हात मागे घेतला, सुखदेवला हात जोडले आणि पुढच्या माणसासमोर सरकले. पुढचा मी होतो. मी सुपारी उचलली. ती गार होती.

पुढे जे झालं ते रागातून झालं नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी बाजाराची सुट्टी होती. त्या दिवशी भाऊंनी त्यांना ठाऊक असलेली रीत पाळली. साल न बांधणाऱ्या गड्याला मानानं पाठवायचं असतं, रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नसतं. त्यांनी टोपलंभर नवा चिन्नोर काढला. त्यावर सुखदेवचा मिलमध्ये ठेवलेला पितळी पेला, त्याचा पंचा आणि हालरचा त्याच्या हातचा पाना ठेवला. वर कोरं धोतर झाकलं. यमुनाबाईला आणि मला ते त्याच्या घरी पोचवायला सांगितलं. म्हणाले, त्याले म्हना, तुह्या हातासारखा हात हालरले पुन्हा भेटनार नाई.

आम्ही गेलो. सुखदेव अंगणात दाढी करत होता. त्यानं धोतर बाजूला करून पाना पाहिला, पेला पाहिला. निरोप मी सांगितला. तो आरशात बघत उरलेली दाढी करू लागला. यमुनाबाई वाटेत मला म्हणाली, "येडा आहे आपला मालक. मायेनं गळा कापून राहिला." मला तेव्हा नीटसं समजलं नाही. कामावरून काढायचं पत्र मी कधी बघितलं नव्हतं, ते असं तांदळाच्या वासाचं असू शकतं हे कुठून समजणार.

सुखदेवनं ते टोपलं जसंच्या तसं उचललं, एसटीत घातलं आणि भंडाऱ्याला सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. काढल्याचं पत्र कुठं आहे असं अधिकाऱ्यानं विचारल्यावर त्यानं टोपल्याकडे बोट केलं म्हणे.

भाऊंना नोटीस आली. त्यांनी ती मला वाचायला दिली. मी सातवीपर्यंतचा, अडखळत वाचली. विनानोटीस, विनाकारण कामावरून कमी केलं, असं त्यात होतं. भाऊ पुनःपुन्हा म्हणत राहिले, मी कुठं कमी केलं. दोन दिवस त्यांनी दोन्ही चपला घातल्या. हालर नवा माणूस चालवत होता आणि कणी पडत होती, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं.

बोलावणं आलं त्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. कशाला ते सांगितलं नाही. मला वाटतं, बसमध्ये शेजारी कुणीतरी असावं म्हणून. भंडाऱ्यात परिसरातल्या मिलवाल्यांचे एक वकील होते. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली त्यांनी भाऊंकडून सालाची सगळी हकिकत ऐकली आणि ते खुलले. म्हणाले, बाकीच्या मालकांना मी हेच सांगून थकलो. वर्ष भरत आलं की माणसाला थोडे दिवस घरी बसवा, ब्रेक द्या, मग नवा म्हणून घ्या, म्हणजे सलग नोकरी होत नाही, त्याचा हक्क बसत नाही, काढताना भरपाई नाही. ते करायलाही त्यांना लाज वाटते. तुमच्याकडे तर सगळं गाव साक्षीला, जेवणासकट. आत फक्त एवढंच सांगा, त्यानं सुपारी उचलली नाही, म्हणजे तो आपणहून गेला. पुढच्या वर्षीपासून सुपारीबरोबर कागदावर अंगठा घेत जा, की झालं.

भाऊ कडुनिंबाच्या बुंध्याकडे बघत होते. मुंग्यांची रांग वर चालली होती.

"बाकीचे ब्रेक काहून देतात म्हनता?" त्यांनी विचारलं.

"माणूस कायम होऊ नये म्हणून."

"मंग मी काहून देत होतो?"

वकिलांनी घड्याळ पाहिलं आणि आत चला म्हणाले.

आत पंखा होता, पण त्याची हवा कागदांनाच लागत होती. अधिकारी वयानं मोठे होते, आवाज थकलेला. टेबलाच्या कडेला ते टोपलं. सुखदेव पलीकडे बसलेला, इस्त्रीचा सदरा घालून. भाऊंनी आत शिरताच त्याच्याकडे बघून, दाढी करताना कापलं का, असं विचारलं, कारण त्याच्या हनुवटीवर कापसाचा बोळा होता. सुखदेव हो म्हणाला. वकिलांनी भाऊंना बसायची खूण केली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, तो गेला की तुम्ही काढलं. भाऊ म्हणाले की मला वाटलं तो चालला, म्हणून मानानं पाठवलं. सुखदेव म्हणाला की मी गेलोच नव्हतो. मग अधिकाऱ्यांनी भाऊंना शांतपणे समजावलं. तुमचं साल शेतावर असेल. कारखान्यात नोकरी सणाला संपत नाही. ती चालू राहते, रात्री मिल बंद असते तेव्हाही, बाजाराच्या दिवशीही, माणूस आजारी असतो तेव्हाही. ती संपवायची तर कारण लागतं, आधी कळवावं लागतं, भरपाई द्यावी लागते. आणि हे एकट्या सुखदेवला नाही, सगळ्यांना लागू आहे. आज तुम्ही काय म्हणता त्यावर तुमच्या मिलमधली सगळी माणसं किती वर्षांची जुनी ठरतात ते अवलंबून आहे. विचार करून बोला.

वकिलांनी भाऊंच्या बाहीला हात लावला. मी आयुष्यात त्या खोलीइतका घाबरलो नसेन. मला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. नोकरी चालूच होती असं भाऊंनी मान्य केलं तर मिल बुडेल, नाही केलं तर माझंही साल एक दिवस टोपल्यातून घरी येईल, आणि माझं तर घरही तिथं नव्हतं.

"म्हनजे बोडीसारखं," भाऊ शेवटी म्हणाले. ते अधिकाऱ्यांशी बोलत होते की स्वतःशी, कळेना. "उन्हाळ्यात बोडी आटते. तळ दिसते, पोरं त्यात खेळतात. तरी बोडी गेली असं कोनी म्हनत नाई."

अधिकारी म्हणाले, असंच काहीसं.

"तं मंग त्याले परत घेतो असं नका लिवू साहेब. गेलाच नव्हता तं परत कसा येईल? असं लिवा का तो कामावरच होता."

वकिलांनी बाही सोडली. हळूच म्हणाले, मालक, हे सगळ्यांना लागू होतं, कळतंय ना. भाऊंनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा मात्र पाणी उतरल्यावर पाळ दिसते तसा उघडा पडला होता. सुखदेवनं एकच मागणी केली, नेमणुकीचं पत्र पाहिजे. अधिकारी म्हणाले, ते द्यावंच लागेल. भाऊ म्हणाले, सगळ्यांनाच देतो, नाहीतर यमुना मले जेवू देनार नाई.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. भाऊ आणि सुखदेवला एकाच बाकावर जागा मिळाली, मी मागे उभा. टोपल्याचं काय करायचं हा प्रश्न निघाला. भाऊ म्हणाले, दिलेलं परत घेत नाही. सुखदेव म्हणाला, गेल्याबद्दलचं आहे, मी गेलो नाही, मग माझं कसं. लाखनीपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं, अगदी हळू आवाजात. मग सुखदेवला झोप लागली. ऊन खिडकीतून त्याच्या तोंडावर येत होतं. भाऊंनी टोपल्यातला पंचा उचलून खिडकीच्या गजाला अडकवला आणि साकोली येईपर्यंत एका हातानं तो धरून बसले. तो तांदूळ शेवटी यमुनाबाईनं मिलमध्ये सगळ्यांसाठी शिजवला.

पत्रं आली. टाइप केलेली, खाली भाऊंची वाकडी सही. माझ्या पत्रात मी पहिल्यांदा इंजिनाला हात लावला तो महिना आणि तेव्हापासून सलग, असं लिहिलं होतं. ते मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. मग चिकटवलं.

पुढच्या अक्षय तृतीयेला भाऊ सकाळपासून अस्वस्थ. मिलमध्ये यायचे, उभे राहायचे, परत जायचे. काम चालू होतं. फलकाप्रमाणे आठ ते पाच. दुपारी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आज काय करू मी?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. वर्ष संपत नसेल तर माणसं राहिली याचा आनंद कुठल्या दिवशी करायचा, असं ते म्हणाले. ते ऐकून हालरवरून सुखदेव खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला की जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पटांगणात बसायला काय हरकत आहे. बसले. भाऊ सवयीनं खाली बसायला गेले तर सुखदेवनं दंड धरून त्यांना आपल्या पोत्यावर बसवलं. यमुनाबाई म्हणाली, आता बोलायचं की नाही? भाऊ म्हणाले, बोल. ती बोलली. जेवणाची सुट्टी संपली तरी ती बोलतच होती.

मिल बुडाली नाही. तंगी आली, गेली. ऐंशीनंतर भाऊंचा मुलगा भास्कर कारभार बघू लागला. तो नागपूरला शिकलेला, हिशेबी, वाईट नव्हे. त्यानं नवं मशीन आणलं आणि मिल मोठी केली. मला रायपूरकडच्या एका मोठ्या मिलमध्ये जागा मिळाली, ती त्या चिकटवलेल्या पत्राच्या बळावर. निरोप घ्यायला गेलो तेव्हा भाऊंनी सुखदेवसमोर तीनदा विचारलं की तू आपला आपण चालला ना, आम्ही नाही ना पाठवत. सुखदेव हसत होता. मी गाडीत बसून साकोलीच्या पुढचा पहिला तलाव मागे जाईपर्यंत मान वळवून बघत होतो.

काही वर्षांनी कामानिमित्त त्या रस्त्यानं जाताना मी तिथं उतरलो. सकाळची वेळ. सुखदेव रजेवर होता, मुलीचं लग्न. मिल ओळखू येत नव्हती इतकी उंच झाली होती. फाटकातून बाया आत जात होत्या आणि त्यांतली एकही माझ्या ओळखीची नव्हती. भास्कर भेटला. म्हणाला, जुनी माणसं आहेत तेवढी आहेत, ती जातील तेव्हा जातील. नवं आपण कुणाला ठेवतच नाही. ठेकेदार आणतो, ठेकेदार नेतो. आपलं कुणाशी काही नाही, कायद्याची कटकट नाही. मग फाटकाकडे बघून थोडं ओशाळून म्हणाला, बाबा तेवढे ऐकत नाहीत.

भाऊ फाटकाशी उभे होते. फार वाकले होते, हातात काठी, दोन्ही पाय उघडे. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेल्याचं मला भास्करनंच सांगितलं. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते थांबवत होते. ठेकेदाराचा माणूस मागून घाई करत होता. मी जवळ गेलो तेव्हा एका पोरसवदा बाईला त्यांनी अडवलं होतं. तिच्या डोक्यावर चुंबळ, कडेला डबा.

"कोनाची व तू?" त्यांनी विचारलं.

"ठेकेदाराची," ती म्हणाली.

"ठेकेदाराची कोनी नसते," भाऊ म्हणाले. "नाव सांग."

तिनं मागे वळून ठेकेदाराच्या माणसाकडे पाहिलं, मग पदर नीट केला आणि नाव सांगितलं. शकुन. गावही सांगितलं. भाऊंनी मान डोलावली आणि तिला वाट दिली. मग पुढची. मी बाजूला थांबून होतो. मला ओळखतील म्हणून मी पुढे झालो नाही, आणि ओळखणार नाहीत म्हणूनही. तलावावरचं धुकं रस्त्यापर्यंत आलं होतं. साकोलीकडून बस आली, मी हात केला, चढलो. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा फाटक रिकामं झालं होतं, सगळ्या बाया आत गेल्या होत्या. भाऊ तसेच उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. विसरू नये म्हणून माणूस नावं घोकतो तसे.